खांद्यावर हात आणि खेळांची रांग

जर्मनीतल्या एखाद्या लग्नात किंवा वाढदिवसाला कार्यक्रम रंगात आला की एक गंमत पाहायला मिळते. कुणीतरी उठतं आणि गाण्याच्या ठेक्यावर चालू लागतं. दुसरा त्याच्या खांद्यांवर हात ठेवून मागोमाग निघतो. दुसऱ्याच्या खांद्यांवर तिसरा, तिसऱ्याच्या चौथा. बघता बघता आजोबा, मामी, नवरी, चिमुकली नातवंडं अशा सगळ्यांची आगगाडी तयार होते. टेबलांमधून वाट काढत ती दारातून बाहेर जाते आणि एक वळसा घालून परत आत येते. या नाचाचं नाव पोलोनेझ.

पोलोनेझ मूळचा पोलंडचा, आणि तिथे तो मोठ्या ऐटीत नाचतात. तीन मात्रांचा ठेका, ताठ मान, जोडीजोडीने टाकलेली सावकाश पावलं. संगीतकार शोपँने या ठेक्यावर पियानोसाठी सुंदर रचना केल्या आहेत. पोलंडमधली मुलं शाळेच्या शेवटच्या परीक्षेआधी साधारण शंभर दिवसांवर एक समारंभ करतात आणि त्याची सुरुवात आजही पोलोनेझने होते. २०२३मध्ये युनेस्कोने या नाचाची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. जर्मनीत मात्र त्याचं घरगुती, दंगेखोर रूप रुजलं. मला तेच जास्त आवडतं, कारण त्यात नाच यावा लागत नाही. समोरच्याचा खांदा धरता आला की तुम्ही रांगेत!

आता जर्मनीचं दुसरं वेड पाहू. ते आहे पटावरच्या खेळांचं, म्हणजे बोर्डगेमचं. तिथे १९७९पासून दरवर्षी ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ निवडला जातो आणि एसेन शहरात दर ऑक्टोबरमध्ये खेळांची प्रचंड मोठी जत्रा भरते. जगभर पोचलेला ‘कतान’ हा खेळ १९९५ साली जर्मनीतच आला. तो तयार करणारे क्लाउस टॉयबर कृत्रिम दात बनवण्याचं काम करायचे. अशा देशात घरोघरी कपाटं खेळांनी भरून जातात, आणि काही डबे वर्षानुवर्षं उघडले जात नाहीत.

मग खेळवेड्यांनी पोलोनेझवरून एक युक्ती काढली. एक जण इंटरनेटवर जाहीर करतो, ‘माझ्याकडचा हा खेळ मी फुकट देतोय, कुणाला हवाय?’ इच्छुकांमधून एकाची निवड होते आणि खेळ त्याच्या घरी पोचतो. अट एकच. ज्याला खेळ मिळाला, त्याने आपल्या कपाटातला एक खेळ पुढच्यासाठी ठेवायचा. तो ज्याला मिळेल, त्याने आणखी पुढे. झाली रांग सुरू!

यात विशेष काय, असं वाटेल. साधी अदलाबदल का नाही करायची? करून बघा. समजा, तुमच्याकडे कॅरम आहे आणि तुम्हाला बुद्धिबळ हवंय. बुद्धिबळ शेजारच्या दादाकडे आहे, पण त्याला कॅरम नकोय, त्याला हवाय व्यापार. व्यापार आहे तुमच्या मावसबहिणीकडे आणि तिला हवाय कॅरम. आता यातल्या कोणत्याही दोघांना एकत्र बसवा, सौदा होणारच नाही. दोघांत अदलाबदल व्हायची तर माझ्याकडचं तुला आणि तुझ्याकडचं मला, असं दोन्हीकडून जुळावं लागतं. तिघांना बसवलं की मात्र कॅरम मावसबहिणीकडे, व्यापार दादाकडे, बुद्धिबळ तुमच्याकडे. सगळे खूश! जे दोघांना जमत नाही, ते तिघांच्या कड्याला जमतं.

अशी कडी शोधण्याची एक झकास रीत आहे. वर्गातल्या प्रत्येकाने एकेक खेळ आणायचा आणि जो सगळ्यात जास्त आवडला, त्याच्या मालकाकडे बोट दाखवायचं. स्वतःचाच आवडला तर स्वतःकडे. आता कुणाही एकापासून निघा आणि बोटांमागे चालत राहा. मुलं मोजकीच आहेत, त्यामुळे कधी ना कधी आधी भेटलेल्या कुणाकडे तरी तुम्ही परत पोचणारच. म्हणजे कडं सापडलंच पाहिजे! त्या कड्यातल्यांनी खेळ बदलून बाजूला व्हायचं आणि उरलेल्यांनी पुन्हा बोटं दाखवायची. शेवटी प्रत्येकाच्या हाती आपल्या खेळापेक्षा जास्त आवडता खेळ तरी येतो, नाहीतर आपलाच राहतो. कुणाचंही नुकसान होत नाही. लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ या गणितज्ञांनी १९७४ साली ही रीत मांडली. ती सुचली होती त्यांचे मित्र डेव्हिड गेल यांना.

पण कड्याची एक अडचण आहे. एकाने घेतलं आणि द्यायच्या वेळी पाय मागे घेतला, तर कुणीतरी आपलं देऊन बसतो आणि त्याच्या हाती काहीच येत नाही. रांगेचं तसं नाही. रांगेत प्रत्येकाला आधी मिळतं, मग द्यायचं असतं. कुणी मध्येच थांबलं तर रांग तुटते, मजा जाते, पण जे आपलं होतं ते गमावून कुणी बसत नाही. दहा जणांच्या रांगेत नऊ खेळ हलतात. शेवटच्याने अजून दिलेलं नसतं, मधल्या आठ जणांना मिळतंही आणि ते देतातही. फक्त पहिल्याने काही न घेता दिलेलं असतं. सगळी रांग त्याच्या जोरावर उभी असते, म्हणून मला तो फार मोठा वाटतो.

आता सांगते ती गोष्ट वाचून तर मी थक्क झाले. याच हिशेबाने माणसांचे जीव वाचतात! आपल्याला दोन मूत्रपिंडं असतात आणि एकावरही निरोगी माणूस नीट जगू शकतो. एखाद्या आजारी बाईला तिचा नवरा मूत्रपिंड द्यायला तयार असतो, पण रक्तगट जुळत नाही. अशाच अडचणीतलं दुसरं जोडपं सापडलं, तर अदलाबदल होऊ शकते. मात्र कुणी ऐनवेळी मागे फिरू नये म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी कराव्या लागतात. दोन जोडप्यांसाठी चार, तीन जोडप्यांसाठी सहा. इतके डॉक्टर आणि इतक्या खोल्या एकाच वेळी आणायच्या कुठून?

अमेरिकेतले शल्यविशारद डॉ. मायकेल रीस आणि अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ यांच्या गटाने इथे रांग वापरली. जुलै २००७मध्ये मिशिगन राज्यातल्या एका माणसाने अनोळखी बाईला आपलं मूत्रपिंड दिलं, बदल्यात काहीही न घेता. त्या बाईच्या नवऱ्याने पुढे दुसऱ्या अनोळखी रुग्णाला दिलं, त्या रुग्णाच्या घरच्यांनी तिसऱ्याला. घाई नव्हती, कारण प्रत्येकाच्या माणसाला आधीच मिळालेलं होतं. २००९ साली डॉक्टरांनी या रांगेची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा तिने दहा रुग्णांना मूत्रपिंडं मिळवून दिली होती! रॉथ आणि आपले मघाचे शॅप्ली यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भारतातही २०११मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि जोडप्यांमधली अशी अदलाबदल मान्य झाली.

दोस्तांनो, येत्या सुट्टीत तुमच्या सोसायटीत किंवा वाडीत खेळांची अशी रांग सुरू करा. पहिला खेळ तुम्ही द्या. आणि डबा पुढे देण्याआधी आतले फासे आणि सोंगट्या नीट मोजून घ्या, म्हणजे ज्याला मिळेल त्याला लगेच खेळायला बसता येईल.