मालिकेतील नट आणि त्याचा करारनामा: काही रूढ गैरसमज

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जाणारे नाशिककर ‘राजा हरिश्चंद्र’ हे नाव आणि १९१३ हे साल अभिमानाने सांगतात. परंतु त्या चित्रपटात तारामतीची भूमिका करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्या कामाबद्दल काय मिळत होते, हा प्रश्न तेथे सहसा कोणी विचारीत नाही. साळुंके हे मुंबईत ग्रँट रोडनजीकच्या एका उपाहारगृहात दरमहा १० रुपयांवर कामाला होते, आणि १५ रुपये देऊ करून दादासाहेबांनी त्यांना आपल्या मंडळीत आणले. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या नायिकेची कथा अशी पगाराच्या बोलणीपासूनच सुरू होते. पुढे नाशकात १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, तीत भांडवल मुंबईच्या धनिक भागीदारांचे आणि कला व मेहनत फाळक्यांची अशी वाटणी झाली, आणि अल्पावधीतच मतभेद इतके विकोपाला गेले की ज्यांच्यावाचून त्या कंपनीला अर्थ नव्हता तेच दादासाहेब तिला रामराम ठोकून काशीस निघून गेले व १९२२ मध्ये परतले.

हा वृत्तांत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, दूरचित्रवाणीवरील मालिकांत काम करणाऱ्या कलावंतांच्या मानधनात होणारी कपात आणि त्यांच्या करारांवरून उद्भवणारे तंटे हे जणू आजच्या हव्यासी पिढीचे अपत्य आहे, अशी समजूत आमच्या शहरातील सुशिक्षितांतही आढळते. ती निराधार आहे. प्रभात कंपनीचा काळ आपण सुवर्णयुग म्हणून स्मरतो; त्याच प्रभातच्या पुण्यातील दाराशी ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे १९३९ साली कराराच्या वादावरून उपोषणाला बसल्या होत्या, आणि पुढील वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्याकडे वळू पाहणाऱ्यांसमोर आपला अनुभव ठेवला. त्या प्रश्नचिन्हात जी काळजी आहे ती आजही शिळी झालेली नाही, कारण राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने परशुराम साईखेडकर नाट्यगृहात पहिल्यांदा तोंडाला रंग लावणारी आणि पुढे कालिदास कलामंदिरात टाळ्या घेणारी आमची मुले-मुली शेवटी मुंबईचीच वाट धरतात, व त्यांच्या घरी राहिलेल्या आईवडिलांना शेजारीपाजारी एकच वाक्य ऐकवतात: “तुमची मुलगी रोज संध्याकाळी दिसते हो, आता तुम्हाला काय कमी!”

सर्व गैरसमजांत हा सर्वांत प्रबळ, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. ज्या वाहिनीवर मालिका दिसते ती वाहिनी कलावंताला पैसे देत नाही. वाहिनीचा करार निर्मात्याशी असतो, ती निर्मात्याला प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम देते, आणि मालिकेचे हक्क बहुधा आपल्याकडे राखते. कलावंताचा करारनामा असतो तो निर्मिती संस्थेशी. मानधन महिन्यावर नसून दिवसावर ठरते. रंगभूमीवर जशी ‘नाइट’ असते तसा येथे ‘पर डे’ असतो, म्हणजे जितके दिवस चित्रीकरणाला बोलावणे येईल तितक्या दिवसांचेच पैसे. प्रमुख नटांना महिन्यातील ठरावीक दिवसांची हमी मिळू शकते. पण काका, मावशी, शेजारीण, वकील अशा भूमिका करणाऱ्यांना ती क्वचितच मिळते, आणि कथानकाने वळण घेऊन नायिका माहेरी गेली की सासरच्या अर्ध्या मंडळींचे त्या महिन्याचे दिवसच घटतात. दराला कोणी हात लावलेला नसतो, करारातील एक अक्षरही बदललेले नसते, तरी उत्पन्न निम्म्यावर येते. या कपातीची बातमी होत नाही.

बरे, जे दिवस भरले त्यांचे पैसे तरी महिनाअखेर हाती येतात काय? येत नाहीत. या व्यवसायात ९० दिवसांच्या वायद्याची प्रथा रूढ आहे. एखाद्याने जून महिन्यात काम केले, महिन्याच्या शेवटी देयक सादर केले, तर सप्टेंबर संपेपर्यंत त्याने त्या पैशाची वाट पाहावयाची. मधल्या काळात घरभाडे, प्रवास, व्यायामशाळा, केसांची निगा, गावी पाठवावयाचे पैसे, हे सारे पदरचे. पैसे आले तर व्यावसायिक सेवेचे शुल्क म्हणून त्यातून १० टक्के कर आधीच कापलेला असतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, हक्काची रजा नाही. ज्या दिवशी कलावंत मालिकेत स्थिरावला असे लोक म्हणतात, त्या दिवशी त्याचे किमान तीन महिन्यांचे वेतन निर्मात्याकडे अडकलेले असते. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर तो निर्मात्याचा बिनव्याजी आणि बिनतारण सावकार झालेला असतो, आणि निर्माता अडचणीत आला की धनकोंच्या रांगेत त्याचा क्रमांक फार मागे लागतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. ‘हे मन बावरे’ ही कलर्स मराठीवरील मालिका संपल्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये शर्मिष्ठा राऊत, विदिशा म्हसकर, संग्राम समेळ आणि आमच्या नाशिकच्या मृणाल दुसानिस यांनी आपले मानधन थकल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा निर्माते मंदार देवस्थळी यांनी आपण तोट्यात असल्याचे मान्य करून पैसे देण्याचे आश्वासन दिले. या प्रसंगातील व्यक्तींविषयी निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. मात्र ज्या मालिकेची नायिका घरोघर ओळखली जात होती तिलाही आपल्या घामाच्या पैशासाठी समाजमाध्यमांवर तगादा लावावा लागला, एवढे सत्य नजरेआड करता येत नाही. नायिकेची ही अवस्था, तर ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिसण्यापूर्वीच पडदा काळा होतो त्याची काय असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

दुसरा गैरसमज कपातीविषयीचा. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे चित्रीकरणे बंद पडली, जूनच्या अखेरीस ती निर्बंधांसह सुरू झाली, आणि जाहिराती आटल्याचे कारण पुढे करून अनेकांना कमी दर स्वीकारण्याची विनंती झाली. धंदाच बुडत असेल तर दर कमी करण्याचा धन्याला अधिकारच आहे, असे तेव्हा पुष्कळांनी गृहीत धरले. कायदा तसे म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ६२ व्या कलमाप्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार यावयाचा किंवा त्यात फेरफार व्हावयाचा तर दोन्ही पक्षांची संमती आवश्यक असते. आणि जे काम जुन्या दराने होऊन गेले त्याचे येणे, कलावंताने ते स्वतःहून सोडले नसेल तर, जुन्याच दराने उरते. अडचण अशी की, त्याच करारनाम्यात अल्प मुदतीची सूचना देऊन काम थांबविण्याचे कलम निर्मात्याच्या बाजूने घातलेले असते, आणि ‘नवा दर मान्य नसेल तर भूमिका संपते’ ही गोष्ट उच्चारण्याचीही गरज पडत नाही. अशा स्थितीत दिलेल्या संमतीला कायदा संमतीच म्हणतो, पण माणुसकीने तिला तसे म्हणणे मला जड जाते.

त्या काळात वृद्ध कलावंतांवर तर दुहेरी आघात झाला. ६५ वर्षांवरील व्यक्तींना चित्रीकरणस्थळी मज्जाव करणारी अट शासनाने घातली, ती एका ७० वर्षांच्या कलावंताने मागितलेल्या दादीवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्दबातल ठरविली. उपजीविकेचा हक्क वयाकडे पाहून हिरावून घेता येत नाही, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. आणि पुढच्याच महिन्यात ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेच्या साताऱ्याकडील चित्रीकरणाच्या वेळी संसर्ग होऊन ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर रोजी निधन झाले. काम नाकारले तर उपासमार आणि स्वीकारले तर जीवाला धोका, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला ‘हौसेने काम करणारा’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता करारनाम्याविषयीच्या समजुतींकडे वळू. आणि येथे परस्परविरुद्ध असे दोन गैरसमज एकत्र नांदतात. काहींना वाटते, एकदा सही केली की नट बांधला गेला, मालिका संपेपर्यंत त्याची सुटका नाही. इतरांना वाटते, करार आहे म्हणजे भूमिका मालिका संपेपर्यंत त्याचीच. ही दोन्ही मते चुकीची असण्याचे मूळ एकच आहे: व्यक्तिगत कौशल्यावर सर्वस्वी अवलंबून असलेली सेवा न्यायालय कोणाकडून बळाने करवून घेत नाही, आणि कोणावर बळाने लादतही नाही. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात हे तत्त्व आले आहे, पण त्याचा उगम जुना आहे. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर या गायिकेने एका नाट्यगृहाशी करार केला असताना अधिक पैशासाठी दुसऱ्या नाट्यगृहात गाण्याचे ठरविले, तेव्हा न्यायालयाने तिला दुसरीकडे गाण्यास मनाई केली, परंतु पहिल्याच ठिकाणी गा असा हुकूम देण्यास आपण असमर्थ आहोत असे सांगितले. कराराची मुदत चालू असताना अन्यत्र काम न करण्याची अट आपल्याकडेही बंधनकारक ठरू शकते. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीतील निरंजन गोळीकरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तसाच निर्णय दिला. परंतु मुदत संपल्यानंतरही पाय बांधून ठेवणारी अट करार अधिनियमाच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्यावर त्याच्या जुन्या व्यवस्थापन संस्थेने असाच हक्क सांगितला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अमान्य केला. मालिका संपल्यावर अमुक महिने दुसऱ्या वाहिनीवर दिसावयाचे नाही, असे कलम दाखवून कोणी नव्या मुलाला घाबरवीत असेल तर त्याने हा निर्णय ध्यानात ठेवावा. तसेच मध्येच काम सोडल्यास अमुक लाख भरावे लागतील, असा आकडा लिहिलेला असला तरी तो आपोआप वसूल होत नाही. करार अधिनियमाच्याच ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच नुकसानभरपाई देते, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

याच नाण्याची दुसरी बाजू जानेवारी २०२२ मध्ये दिसली. ‘मुलगी झाली हो’ या मालिकेतून किरण माने यांना काढण्यात आले. आपल्या राजकीय लेखनामुळे हे घडले असे त्यांचे म्हणणे, तर सहकलाकारांशी असलेल्या वर्तनामुळे घडले असे वाहिनीचे म्हणणे. महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी वादंग माजले, परंतु या गदारोळात मूळ मुद्दा बाजूस पडला: कारण खरे असो वा खोटे, काढलेल्या नटाला ती भूमिका परत द्या असा हुकूम मिळणे जवळजवळ अशक्य असते. त्याला मागता येते ती नुकसानभरपाई, आणि तीही करारातील सूचनेचे कलम, मुदत व कारणांची नोंद पाहूनच. चौकशी, खुलासा, सुनावणी या ज्या गोष्टी सरकारी कारकुनालाही सहज लाभतात, त्या या कलावंताच्या करारनाम्यात लिहिल्या असतील तरच असतात.

पुनःप्रक्षेपणाच्या वेळी नटाला पुन्हा पैसे मिळतात, हीही समजूत सार्वत्रिक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्यात कलाविष्कार करणाऱ्यांच्या स्वामित्वशुल्काचा उल्लेख आला खरा. पण एका दिवसाच्या मेहनतान्यात सारे हक्क सोपवून देणाऱ्या करारांच्या या धंद्यात दुपारी पुन्हा दाखविलेल्या भागापोटी नटाच्या खात्यात सहसा काही जमा होत नाही.

संघटना आहे, तीच वसुली करून देईल, असेही म्हटले जाते. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सिंटा, सभासदांच्या तक्रारी घेते, निर्मात्याला बोलावते, तडजोड घडवून आणते. हे काम मोलाचे आहे. परंतु तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार नाहीत. संघटनेचे बळ किती, हेही शेवटी करारच ठरवितो: अमेरिकेत २०२३ साली नटांचा प्रदीर्घ संप झाला तेव्हा तेथील दैनंदिन मालिकांतले नट वेगळ्या कराराखाली असल्याने काम करीत राहिले. आपल्याकडे १९८१ चा सिनेकामगारांचा कायदा चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून झाला होता आणि मालिका त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांत मात्र ‘दृक्‌श्राव्य कामगार’ या संज्ञेत मालिकेतील नटाचा स्पष्ट समावेश असून त्याच्याशी लेखी करार करणे आवश्यक ठरविले आहे. शासनाने अधिसूचित केलेल्या मर्यादेपेक्षा ज्यांचा मोबदला अधिक नाही, त्यांनाच हे संरक्षण लागू आहे. म्हणजे छोट्या भूमिका करणाऱ्यांना याचा उपयोग अधिक, आणि नेमके तेच याविषयी सर्वांत अनभिज्ञ.

नाशिकहून मुंबईला निघालेल्या प्रत्येक मुला-मुलीला, आणि त्यांच्या आईवडिलांना, माझी कळकळीची विनंती आहे. सेटवर, मेकअप करता करता करारनाम्यावर सही करू नका. तो घरी आणा, वकिलाकडून वाचून घ्या, आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत स्वतःजवळ ठेवा. भरलेल्या प्रत्येक दिवसाची तारीखवार नोंद ठेवा, देयक लेखी पाठवा, आणि पैसे थकले तर निर्मात्याकडून बाकीची सहीनिशी लेखी कबुली मागा. थकलेल्या मानधनाच्या दाव्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे असते. त्या मुदतीच्या आत मिळालेल्या लेखी कबुलीच्या तारखेपासून ती पुन्हा नव्याने मोजली जाते.