मांजर पलंगाखालून बाहेर येईना तेव्हा

मुलुंड-घाटकोपरला शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली की ब्रेकरची धडधड माणसालाही नकोशी होते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज कळतात, मांजराला ६०,०००च्याही पुढचे. ते पलंगाखाली दडले तर ओढून काढू नका. पाणी, खाणे तिथेच ठेवा, ट्रे जवळ सरकवा.

पण सगळा दोष आवाजाला देऊ नये. मांजर दुखणे लपवते. बोका ट्रेमध्ये कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहणे जिवावर बेततं. दिवसभर उपाशी राहिले तरी डॉक्टर गाठा. जवळ कोणी नसेल तर परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे. घरातली पॅरासिटामॉल मात्र अजिबात नको, अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते.