खूणच नाही, तर जोडू काय?

वसईत पाऊस लागला की वीज जावयासारखी वागते. येते, रुसते, जाते, पुन्हा येते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती चार वेळा गेली. त्याचं आम्हाला काही नवल नाही. पण सकाळी मुलीची आतून हाक आली, "बाबा, वायफाय गेलं!"

"गेलं तर पुन्हा जोड," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

"जोडू काय? जोडायची खूणच नाहीये!"

मग मात्र उठलो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतिक्रम भरायचा तो शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. चाळीसेक कॉलेजांची यादी तिनं आठवडाभर खपून लॅपटॉपवर रचली होती. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर एखादा क्रम वरखाली झाला, तर पुढची चार वर्षं पोरगी भलत्याच टोकाला लोकलनं लोंबकळत जाणार.

खरंच, पडद्याच्या कोपऱ्यातली ती पंख्यासारखी खूण गायब होती. मोबाइलवर वायफाय ठणठणीत चालू, म्हणजे भिंतीवरच्या डबीचा दोष नव्हता. 'एअरप्लेन मोड' चुकून चालू राहिला असता, तर वायफायचं बटण निदान बंद अवस्थेत दिसलं असतं. इथं बटणच नव्हतं. जोडणी न होणं आणि जोडायचा पर्यायच न दिसणं, हे दोन निरनिराळे आजार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्यात यंत्राला समोरचं घर सापडत नाही. दुसऱ्यात आपल्याला पाय आहेत हेच ते विसरतं!

छत्री घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं लॅपटॉप उघडून पाहिला आणि लगेच बंद केला. "मदरबोर्ड गेलाय. साडेसहा हजार, दोन दिवस ठेवावा लागेल." दोन दिवस? मी लॅपटॉप पुन्हा पिशवीत घातला.

जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटले. टेलिफोन खात्यात त्यांची हयात तारा जोडण्यात गेली. सगळं ऐकून म्हणाले, "आधी लगीन फॉर्मचं, मग वायफायचं! मोबाइलची चार्जिंगची वायर आहे ना?" त्यांनी मोबाइल त्या वायरनं लॅपटॉपला जोडला आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू केलं. झालं! मोबाइलचं इंटरनेट वायरीतून थेट लॅपटॉपमध्ये. लेकीनं यादी दोनदा पडताळून साडेबाराला फॉर्म पक्का केला, तेव्हा कुठं घरात चहा झाला.

मग काका सावकाश दुखण्याकडे वळले. खालच्या विंडोजच्या खुणेवर उजवी कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडलं. त्यातल्या 'नेटवर्क अडॅप्टर्स' या कप्प्यात वायफायच्या कार्डाचं नाव दिसायला हवं. नाव असून त्यावर खाली वळलेला बाण असेल, तर कुणीतरी ते बंद केलंय. पिवळं चिन्ह असेल, तर बहुधा त्याचं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारी प्रणाली, बिघडलीय. कंपनीच्या संकेतस्थळावरून ती पुन्हा घालायची. नाव असून सगळं ठीक दिसलं, तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे का, ते बघायचं. आमच्याकडे नावच नव्हतं. (जुळवून घेतलेल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात पुष्कळदा असं कार्ड मुळातच नसतं. तिथं शोधाशोध व्यर्थ. यूएसबीला लावायची छोटी वायफाय कांडी आणावी, हे बरं.)

"बंद करून पुन्हा चालू केलाय की मी," मी म्हणालो.

"तो बंद झालाच नव्हता!" काका हसले. 2012 मध्ये विंडोज 8 आलं, तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. लवकर सुरू व्हावं म्हणून शटडाऊन करताना प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो. 'रिस्टार्ट' केलं तरच ती कोरी पाटी घेऊन उठते. त्यातून आत थोडी वीज उरली, तर रुसलेलं कार्ड रुसलेलंच राहतं. काकांनी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, चालू-बंदचं बटण दाबून धरलं आणि मला घड्याळ बघायला सांगितलं. तीस सेकंद. एवढा वेळ मी कधी लोकलचीही वाट पाहिली नसेल, असं वाटलं.

तेवढ्यात ते म्हणाले, "एकेकाळी घरच्या रेडिओलाही परवाना लागायचा. पोस्टात रांग लावून पैसे भरलेत मी." तेही खरंच. घरोघरचं वायफाय ज्या लहरींवर चालतं, त्यातला 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारनं 2005 मध्ये परवान्यातून मोकळा केला, म्हणून तर आज आपण कुणालाही न विचारता ती डबी भिंतीला ठोकतो.

तीस सेकंद झाले. चार्जर लावून लॅपटॉप चालू केला. पडदा उजळला आणि कोपऱ्यात, काही झालंच नाही अशा थाटात, ती पंख्यासारखी खूण! डिव्हाइस मॅनेजरमध्येही कार्डाचं नाव परत आलेलं. काकांनी त्या नावावर जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूणही काढून टाकली.

यानंही कार्ड उगवलं नसतं, तर? "मग दुकान," काका म्हणाले. "पण तिथंही आधी कार्ड बसवलेलं नीट आहे का, ते बघायला सांगायचं. मदरबोर्ड त्यानंतर."

दुपारी पुन्हा वीज गेली. लेक लॅपटॉपकडे धावली. खूण जागच्या जागी होती. भिंतीवरची डबी मात्र विझली होती.