जुन्या घराचे कागद आणि राहून गेलेली नावे

कर्जाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो तो तारणाचा. आपल्या कारागीर बंधूंकडे तारण म्हणून दाखवायला बहुधा एकच चीज असते, ती म्हणजे वाडवडिलांचे घर. खाली माग किंवा दुकान, वर राहणे. घरपट्टी वेळेवर भरलेली, विजेचे बिल नावावर. तरीही बँकेचा वकील फाईल परत पाठवतो. शेरा असा की मालकीची साखळी पूर्ण नाही. ही साखळी शोधायची कशी आणि ती तुटते कोठे, हे प्रत्येक घरमालकाने व जुने घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने जाणून घेतले पाहिजे.

घरातल्या पेटीपासून सुरुवात

शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. सर्वांत अलीकडचे खरेदीखत घ्या. त्यात लिहून देणार, लिहून घेणार, दस्ताचा क्रमांक व वर्ष, सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा पाहा. लिहून देणाऱ्याकडे मिळकत कशी आली, हेही बहुधा त्यातच नमूद असते. तोच मागच्या दस्ताचा धागा. फार जुन्या दस्तांत नंबर नसतो, फक्त चतुःसीमा असते. अशा वेळी शेजाऱ्यांचे जुने दस्त कामी येतात. आपला कागद हरवला असला तरी शेजाऱ्याच्या खरेदीखतात 'पूर्वेस अमुक यांचे घर' म्हणून त्या वेळच्या मालकाचे नाव सापडू शकते.

कचेरीतील तीन दप्तरे

पहिले दप्तर नगर भूमापन कार्यालयाचे. तेथून मालमत्ता पत्रकाची नक्कल घ्यावी. त्यावर धारकांची नावे व वेळोवेळी झालेल्या फेरफारांच्या नोंदी असतात. मोजणीच्या वेळी झालेल्या मूळ चौकशीची नोंदवहीही पाहावी. त्या वेळी नाव कशाच्या आधारे लागले, हे तीवरून कळते.

दुसरे दप्तर दुय्यम निबंधकाचे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्र. १ मध्ये नोंदले जातात आणि सूची क्र. २, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला 'इंडेक्स टू', त्यांचा मिळकतवार तपशील देते. फी भरून ही सूची कोणालाही पाहता येते. वर्षामागून वर्ष पाहत जावे. बँका साधारण ३० वर्षांचा शोध मागतात, पण साखळीसाठी त्याही मागे जावे लागले तर आळस करू नये.

तिसरे दप्तर नगरपालिकेच्या घरपट्टीचे. कर कोण भरत होते, हे त्यावरून कळते. मात्र घरपट्टी भरल्याने किंवा फेरफार झाल्याने कोणी मालक होत नाही. या नोंदी कर व महसुलासाठी असतात. मालकी येते ती दस्ताने किंवा वारशाने.

मोडी, उर्दू आणि फसली सन

पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील जुने दस्त मोडीत सापडतात. ते जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावेत. मराठवाड्यात निजामी अमदानीतले कागद उर्दूत असतात, सन फसली व रक्कम हाली सिक्क्याची असते. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

'मुदत खरेदी' किंवा 'ताबेगहाण' हे शब्द दिसले तर थांबावे. मुदत खरेदी ही प्रत्यक्षात गहाणही असू शकते. घर सोडवून घेतल्याचा कागद मिळेपर्यंत ती कडी पक्की धरू नये.

साखळी तुटते ती मृत्यूपाशी

विक्री झाली की दस्त होतो. मृत्यू झाल्यावर मात्र दस्त होत नाही. माणूस वारला त्या क्षणी शरीअतप्रमाणे सर्व वारसांचे हिस्से उभे राहतात, पण निबंधकाच्या पुस्तकात त्याची ओळही नसते. म्हणून सूची क्र. २ कितीही बारकाईने पाहिली तरी ही फट दिसत नाही.

समजा, एका विणकर मोहल्ल्यात घर घेणारा माणूस १९७१ मध्ये वारला. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. त्याचे आईवडील आधीच वारलेले. हनफी फिकहप्रमाणे ४० हिस्से केले तर पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. पुढे पत्नी वारली आणि तिचे वारस हीच तीन मुले असली, तर तिचे ५ हिस्से २, २ व १ असे वाटले जातात. आता प्रत्येक मुलगा १६ चा आणि मुलगी ८ ची, म्हणजे एकपंचमांश घराची मालक. मालमत्ता पत्रकावर मात्र फक्त दोन भावांची नावे लागली. १९८८ मध्ये दोघांनी घर विकले. घेणाऱ्याने पैसे पूर्ण घराचे मोजले, पण भावांपाशी द्यायला चारपंचमांशच होते. आज तोच खरेदीदार किंवा त्याची मुले बँकेत फाईल घेऊन उभी असतात आणि बहिणीची मुले कोर्टाची नोटीस घेऊन.

यावर ठरलेले उत्तर असते, 'तिच्या लग्नात खर्च केला, तिने हिस्सा सोडला.' वडील हयात असताना वारसाला हिस्साच नसतो, म्हणून तेव्हा सोडलेला हक्क कायदा सहसा मानत नाही. जहेज म्हणजे वारसा नव्हे. आणि बारा वर्षे ताबा ठेवला म्हणून सहहिस्सेदाराचा हक्क आपोआप संपत नाही.

आणखी दोन खुणा ओळखून ठेवाव्यात. नावापुढे 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असे असेल तर सावध व्हावे. मुस्लिम कायद्यात असे एकत्र कुटुंब नाही, थोरला भाऊ इतरांचा हिस्सा विकू शकत नाही. दुसरी खूण 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. विधवा आईने अज्ञान मुलांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकला असेल तर तेवढी विक्री टिकत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात हेच ठरवले होते.

हिबा, वसीयत, वक्फ

हिबा तोंडी होऊ शकतो. देणाऱ्याचा इजाब, घेणाऱ्याची कबुली आणि कब्जा, या तीन गोष्टी हव्यात. केवळ तो कागदावर लिहिला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. पण कब्जा दिल्याचा पुरावा नसेल तर हिबानामा नुसता कागद राहतो. वसीयत एकतृतीयांशापुरतीच चालते आणि वारसाच्या नावे असेल तर इतर वारसांची संमती लागते.

मशीद, दर्गा किंवा कबरस्तानालगतच्या घराबाबत वक्फची नोंद पाहावीच. १९१३ च्या कायद्याने मान्य केलेला वक्फ अलल औलादही जुन्या घरावर असू शकतो. २०१३ च्या दुरुस्तीपासून वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस व गहाण यांना बंदी आहे. एखादा हिस्सेदार फाळणीनंतर पाकिस्तानात गेला असेल तर त्याचा हिस्सा कस्टोडियनकडे गेला होता का, हेही तपासावे. १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आजही लागू आहे आणि २०१७ पासून तो अधिक कडक झाला आहे.

काय करावे?

एका मोठ्या कागदावर डावीकडे दस्त व उजवीकडे माणसे लिहावीत. प्रत्येक मालकाच्या मृत्यूचे साल आणि मागे राहिलेल्या पत्नी, मुली, आई यांची नावे लिहावीत. मृत्यूचे दाखले, निकाहनामे, मोहल्ल्यातील बुजुर्गांची आठवण यांचा आधार घ्यावा. जेथे नाव राहून गेले आहे तेथे त्या बहिणीकडे किंवा तिच्या मुलांकडे जावे, हिस्स्याची रक्कम ठरवून द्यावी आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. घर घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. हिशेब आलिमांकडून व दस्त वकिलाकडून तपासून घ्यावा.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह बकरात आहे. हिस्से सूरह निसात ठरवून दिले आहेत. पहिली ताकीद आपण दुकानाच्या वहीत पाळतो. दुसरी घराच्या कागदांत पाळली असती तर साखळी तुटलीच नसती. राहिलेला हिस्सा ही अमानत आहे. बँकेने मागण्याआधी ती ज्याची त्याला पोहोचवावी.