उंदराला रजोनिवृत्ती नसते

चाळिशीच्या आत अंडाशयाचे काम थांबण्याची वेळ शंभरांत सुमारे एका स्त्रीवर येते. अपत्याचा प्रश्न तर असतोच, हाडांना आणि हृदयालाही झळ लागते. याचा अभ्यास बहुधा उंदरांवर होतो. पण उंदराच्या मादीला पाळी येत नाही, स्त्रीसारखी रजोनिवृत्तीही होत नाही. मग ती अवस्था तिच्यात आणायची कशी?

अंडाशय कापून काढणे ही जुनी रीत. त्यात संप्रेरके एकदम घटतात. स्त्रीच्या देहात ती बहुधा चढउतार होत ओसरतात. म्हणून व्हीसीडी हे रसायन उपयोगी ठरले. सुमारे पंधरा दिवस रोज टोचले की ते सर्वांत लहान पुटिका, म्हणजे बीजांचा मूळ साठाच, नष्ट करते. मोठ्या पुटिका काही काळ चालतात, चार-पाच दिवसांचे चक्र लांबत जाते, मग थांबते. अंडाशय जागेवरच राहतो. हे चित्र बरेच जवळचे वाटते.

कारण मात्र निराळे. स्त्रीत ते जनुकांत, केमोथेरपीत किंवा स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीत असते. पुष्कळदा सापडतही नाही. एखाद्या उपचाराने उंदराच्या मादीला पिल्ले झाल्याची बातमी आली, तर आधी तिचा साठा कशाने आणि किती रिकामा केला होता ते पाहावे. थोड्या पुटिका उरल्या असतील, तर पिल्ले उपचाराविनाही होऊ शकतात.