हंड्यातली तुरटी आणि न्गुर्दोतोची बादली

या आठवड्यात लेखमालेतून झाबुआला जायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या एका वाचक बाईंनी विचारलेला प्रश्न बाजूला ठेववेना. त्या लिहितात, "आमच्या माहेरी, वर्ध्याकडे, पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायचे. मागच्या भागात तुम्ही म्हणालात की तुरटीने फ्लोराइड निघतं. मग झाबुआच्या नि मंडल्याच्या बायकांच्या हातात तुरटीचा एकेक खडा का देत नाहीत? इतकं सोपं असेल, तर तिथली पोरं अजून गुडघ्यांत वाकडी का?"

या प्रश्नाच्या उत्तरात नागपूर येतं, टांझानिया येतो, डेन्मार्क आणि थायलंडही येतात. म्हणून हा सगळा भाग त्यालाच देतो.

आधी हंड्याचं बघू. पावसाळ्यातलं गढूळ पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटी तो भार मोडते, कण एकत्र येतात, जड होतात, खाली बसतात. याला लिटरमागे दहा-वीस, फार तर पन्नासेक मिलिग्रॅम तुरटी पुरते. खडा चार-पाच वेळा फिरवला की काम झालं.

फ्लोराइड पाण्यात तरंगत नाही, विरघळलेलं असतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. झाबुआतल्या ज्या हातपंपांचं पाणी सर्वांत वाईट, ते दिसायला आरशासारखं स्वच्छ असतं, आणि लोक ते आवडीने भरतात. असं फ्लोराइड खाली आणायचं तर तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा भरपूर कापसासारखा साका तयार व्हावा लागतो, म्हणजे फ्लोराइड त्याला चिकटून तळाशी जातं. त्यासाठी लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम तुरटी लागते. खडा फिरवून ते प्रमाण गाठता येत नाही. आणि तेवढी तुरटी नुसतीच ओतली, तर ती पाण्यातला अल्कलीपणा खाऊन टाकते, पाणी आम्लधर्मी होतं आणि साकाही नीट धरत नाही. म्हणून सोबत चुना हवा. जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर हवी. मग आधी जोरात ढवळायचं, नंतर हळू ढवळायचं, निवळू द्यायचं, गाळायचं. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांचा हा मेळ म्हणजे नलगोंडा पद्धत.

ही पद्धत नागपूरची आहे, हे भोपाळच्या मराठी घरांत मला वारंवार सांगावंसं वाटतं. १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा सचिवालयाबरोबर कितीतरी कुटुंबं इकडे आली. त्यांची नातवंडं ही लेखमाला वाचतात. दोनच वर्षांनी, १९५८ साली, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती 'नीरी' झाली. फ्लोराइडचं काम तिथे साठच्या दशकातच सुरू होतं. पहिल्यांदा तिथल्या शास्त्रज्ञांनी रेझिनसारखे पदार्थ करून पाहिले. सल्फोनेटेड कोळशापासून केलेलं 'डिफ्लुओरॉन-२' हे त्यातलं एक. फ्लोराइड त्यात अडकायचं, पण ठरावीक काळाने पदार्थ धुऊन पुन्हा ताजा करावा लागायचा, आणि खेड्यातल्या टाकीवर हे कोण करणार? तेव्हा त्यांनी जिथे तिथे मिळणाऱ्या तुरटी-चुन्याकडे मोर्चा वळवला. नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांचा त्यावरचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात काथरी इथे या पद्धतीचं पहिलं सामुदायिक संयंत्र बसलं.

एखादं विशेष यंत्र नको, परदेशी रसायन नको, किराणा दुकानात मिळेल ते हवं: यातला हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो. त्याच हट्टापायी ही पद्धत समुद्रापलीकडे गेली.

पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीच्या भागात ज्वालामुखीचे खडक आहेत आणि पाण्यात सोडियम जास्त, कॅल्शियम कमी. असं पाणी फ्लोराइड धरून ठेवतं. कॅल्शियम भरपूर असतं तर ते फ्लोराइडला कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात बाहेर पाडतं. भारतातल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यांतही गणित हेच आहे, फक्त आकडे लहान. आपल्याकडे दोन, चार, सहा मिलिग्रॅम हे बाधित गावांचे नेहमीचे आकडे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅम असावं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं. टांझानियाने १९७४ मध्ये ग्रामीण पाण्यासाठी तात्पुरती म्हणून आठ मिलिग्रॅमची मर्यादा ठेवली. यावरून तिथल्या पाण्याची कल्पना यावी.

मेरू पर्वताच्या पायथ्याशी, अरुशाजवळ, न्गुर्दोतो नावाचं गाव आहे. तिथे फ्लोराइड काढण्याचं संशोधन केंद्र आहे. नव्वदच्या दशकात डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातले एली दाही आणि टांझानियातले त्यांचे सहकारी यांनी तिथे नागपूरची पद्धत घरगुती बादलीत उतरवली. वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या. पहिलीला तळापासून पाच सेंटिमीटर वर तोटी, म्हणजे साका खालीच राहावा. त्यात १२.८ ग्रॅम तुरटी आणि ६.४ ग्रॅम चुना टाकायचा. लाकडी दांड्याने जोरात ढवळायचं, मनात साठपर्यंत मोजत. मग पाच मिनिटं हळू ढवळायचं. तासभर ठेवायचं, आणि दुसऱ्या बादलीत कापडातून गाळून घ्यायचं.

घड्याळ नसलेल्या घरात साठपर्यंतची मोजणी हेच घड्याळ, आणि तिच्यावर या पद्धतीचं यश टांगलेलं आहे. तुरटी नि चुना सगळ्या पाण्यात सारखे मिसळतात ते त्या पहिल्या जोरदार मिनिटात; फ्लोराइड साक्याला चिकटतं ते नंतर, हळू ढवळताना. ते मिनिट चुकलं तर पुढचा तास वाया.

या कामाचा वृत्तांत १९९६ साली एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला, आणि ती परिषद भरली होती नवी दिल्लीत. नागपुरात जन्मलेल्या पद्धतीचा परदेशातला हिशेब आपल्या राजधानीत येऊन सांगितला गेला. आकडा असा: १२.५ मिलिग्रॅमचं पाणी साधारण २.१ पर्यंत उतरलं. मोठं यश, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या दीड मिलिग्रॅमच्या वरच.

माझ्या मते या सहकार्यातला खरा मोलाचा ऐवज तो 'तरीही' आहे. तुरटी वाढवत नेली तर फ्लोराइड आणखी उतरतं, पण पाण्यात सल्फेट वाढतं, ॲल्युमिनियम उरण्याची भीती राहते (भारतीय मानकात त्याची कमाल मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे), आणि फ्लोराइडने भरलेला साका रोज कुठेतरी टाकावा लागतो. ही मर्यादा नलगोंड्यात आपल्याला इतकी टोचली नव्हती, कारण आपल्या पाण्यात सहसा इतकं फ्लोराइड नव्हतं. न्गुर्दोतोच्या पाण्याने ती दाखवली. यशाच्या बातम्या देशोदेशी आपसूक फिरतात; कुठे आणि का अडलं, याचा हिशेब कुणीतरी मुद्दाम नेऊन द्यावा लागतो. दाहींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते केलं. १९९५ मध्ये न्गुर्दोतोला, १९९७ मध्ये इथिओपियात नाझरेथला, २००० मध्ये थायलंडात चिआंग माईला फ्लोराइडवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरल्या. तिथले निबंध वाचताना मन भरून येतं. प्रत्येक देश आपापली अडचण उघडपणे मांडतो.

तुरटीखेरीज दुसरा रस्ताही होता: हाडांचा कोळसा. हाडात हायड्रॉक्सीॲपेटाइट असतं. त्यातला हायड्रॉक्सिल जातो आणि फ्लोराइड त्याची जागा घेतं. माणसाच्या सांगाड्यात फ्लोराइड साचून जो आजार होतो, त्यातही हेच घडतं. जनावरांची हाडं कमी हवेत भाजून त्याच ओढीला गाळणीत जुंपायचं, ही कल्पना. चिआंग माईच्या मौखिक आरोग्य केंद्राने ऐंशीच्या दशकात अशी घरगुती गाळणी केली. केनियात नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या पाणी कार्यक्रमाने हाडांचा कोळसा मोठ्या प्रमाणावर बनवला, आणि स्वित्झर्लंडच्या 'इआवाग' या जलसंशोधन संस्थेने त्यांना साथ दिली.

भारतात हा रस्ता बंद आहे, असंच धरून चालावं लागतं. हाडातून गाळलेलं पाणी आपल्या बहुतेक घरांत कुणी ओठाला लावणार नाही. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पिण्याचं पाणी माणूस विश्वासाने पितो, आणि जे पाणी कुणी पीतच नाही ते शुद्ध असून काय उपयोग? म्हणून आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीने युनिसेफच्या मदतीने ॲक्टिव्हेटेड अल्युमिनाच्या घरगुती गाळण्या केल्या, आणि त्या राजस्थानात डुंगरपूरकडे वापरून पाहिल्या. अल्युमिनाही मधूनमधून ताजा करावा लागतो, म्हणजे नागपूरच्या मंडळींना ज्या अडचणीने तुरटीकडे नेलं होतं, ती पुन्हा समोर उभी राहते. त्यावर गावातच कुणाला शिकवून ठेवलं तर निभावतं. नाहीतर गाळणी कोपऱ्यात पडते. मी अशा पडलेल्या गाळण्या पाहिल्या आहेत, आणि सुरू असलेल्याही. फरक प्रत्येक वेळी त्या शिकवलेल्या माणसाचाच होता.

तर बाई, उत्तर असं: खडा देता येतो, पण खड्याबरोबर वजन, चुना, मोजणी आणि दर काही दिवसांनी तपासणी द्यावी लागते. ते देणारं माणूस गावात टिकलं तर नलगोंडा पद्धत टिकते. आणि पोरं वाकडी होतात त्यात एकट्या पाण्याचा दोष नाही. ताटात कॅल्शियम नसणं हाही आहे. मंडल्यातल्या तिलईपानी गावात जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने जे काम केलं, ते या दुसऱ्या बाजूचं. तिथे आपली टाकळ्याची भाजी येते, जिला इकडे चकोडा म्हणतात. त्यावर झाबुआबरोबर लिहीन.

आणखी दोन पत्रांना थोडक्यात उत्तर. युनियन कार्बाइडच्या आसपासच्या भूजलाचा प्रश्न वेगळा आहे; ते माणसाने घातलेलं विष, आणि ही लेखमाला खडकातून येणाऱ्या दोषांपुरती ठेवली आहे. दुसरं, पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड मागे राहतं आणि प्रमाण उलट वाढतं. शहरात बडा तलाव, कोलार किंवा नर्मदेचं पाणी पिणाऱ्यांनी फ्लोराइडची चिंता करू नये. पण गावी शेतावर कूपनलिका असेल तर पाणी तपासून घ्या, आणि प्रयोगशाळेला फ्लोराइडबरोबर अल्कलीपणाचा आकडाही मागा. तुरटीचं प्रमाण त्या दोन्ही आकड्यांवरून ठरतं. एकट्या फ्लोराइडवरून कुणी तुम्हाला वजन सांगू लागला तर त्याचं ऐकू नका.