झाडीपट्टीतला हौशी कॅमेरा

आपल्या भागात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या माणसाला हमखास एकच प्रश्न विचारला जातो, "वाघ दिसला का?" मग तो बिचारा पळसाच्या फुलांचे फोटो घेऊन आलेला असो, वैनगंगेच्या पात्रात पहाटेपासून उभा असो, की चांदाफोर्टच्या फलाटावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत असो. वाघ दिसला नाही म्हटले, की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. वास्तविक चंद्रपूर-गडचिरोलीतील हौशी छायाचित्रकारांत वन्यप्राण्यांचे वेडे आहेत, नदी-जंगलाचे आहेत, आणि आगगाड्यांचेही आहेत. या तिन्ही हौशी येथे एकमेकींत गुंतल्या आहेत, याचे कारण आपल्या भूगोलात आहे. दिल्ली-चेन्नई हा देशाचा मोठा लोहमार्ग बल्लारशावरून जातो. दुसरा, गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट हा मार्ग तर बऱ्याच ठिकाणी सरळ जंगलातूनच काढलेला आहे.

प्रथम ताडोबाविषयी. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ च्या सुमारास दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. हे पानगळीचे जंगल आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि खाली बांबूची दाटी. पावसाळा सरल्यावर हिरवाई डोळे निववते खरी, पण कॅमेऱ्याला ती भिंतीसारखी आडवी येते. फेब्रुवारीनंतर पाने झडू लागतात, पळस पेटतो, पाणी आटत आटत चार-दोन पाणवठ्यांवर येऊन ठेपते आणि प्राणीही तेथे येतात. म्हणून एप्रिल-मे हा छायाचित्रकारांचा सुगीचा काळ. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो, तोंडाला धूळ बसते, तरी उघड्या जिप्सीतून माणसे हौसेने हिंडतात.

या दिवसांत नवशिक्याची एक तक्रार असते. सकाळी सातला घेतलेले फोटो कापल्यासारखे स्पष्ट येतात आणि अकराचे मात्र पुसट. दोष तो लेन्सला देतो. खरे पाहता जमीन तापली की तिच्यालगतची हवा थरथरू लागते. डांबरी रस्त्यावर आपल्याला मृगजळ दिसते ते याचमुळे. लांब पल्ल्याची लेन्स जनावराला जवळ आणते, तशी मधली थरथरती हवाही मोठी करून दाखवते. तेथे महागडी लेन्सही हात टेकते. उपाय दोनच : जनावर जवळ असेल तेव्हा फोटो घ्यावा, नाही तर कॅमेरा झाकून स्वस्थ पाहत बसावे. दुसरा उपाय फारच थोड्यांना मानवतो. बांबूचे दुखणे वेगळे. वाघ बांबूत बसला असला, की यंत्र आपोआप पुढच्या काडीवर नजर धरते. फोटोत काडी लख्ख आणि वाघ धूसर! अशा वेळी यंत्राला बाजूला सारून हाताने डोळ्यावर फोकस साधावा लागतो.

फिल्मच्या काळात रोलमध्ये छत्तीस फोटो असत, आणि धुऊन येईपर्यंत काय हाती लागले ते कळत नसे. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आता एका सेकंदात दहा-वीस फोटो निघतात. सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कान मात्र मंदावले. झाडावरच्या वानराचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाची तीक्ष्ण हाक, सांबराचा ठणठणीत ढोंक ऐकून वाघ कोणत्या अंगाने चालला आहे हे मोहर्लीचा किंवा कोलाऱ्याचा वाटाड्या गाडीत बसल्या बसल्या सांगतो. त्याचे बोट जिकडे जाते तिकडे आपल्या लेन्सा वळतात. फोटोखाली मात्र नाव आपले येते.

या हौशी फोटोंचा एक उपयोग सर्वांना ठाऊक नसतो. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. एवढेच नव्हे, तर एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते. म्हणून व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर स्वयंचलित कॅमेरे लावतात. हौशी माणसाने कुशीचा फोटो दिनांक आणि जागेसह जपून ठेवला, तर वाघ ओळखण्यास तोही कामी येतो. चेहऱ्याचा फोटो भिंतीवर शोभतो, कुशीचा कामाला येतो.

ओळखीबरोबर नावे आली आणि नावांबरोबर कीर्ती. पांढरपौनी भागातील 'माया' ही वाघीण ताडोबातील सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या वाघांपैकी एक. बछड्यांसह पाण्यात बसलेली माया देशोदेशीच्या अल्बमांत गेली. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात जंगलात अवशेष सापडले आणि डीएनए चाचणीने ते तिचेच ठरले. हळहळ फार झाली. पण याच मायेच्या हल्ल्यात २० नोव्हेंबर २०२१ रोजी एक तरुण महिला वनरक्षक ठार झाली होती. ती फोटो काढायला गेली नव्हती. व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी सहकाऱ्यांबरोबर पायी चालली होती. आपण जिप्सीच्या उंचीवरून जे जंगल पाहतो, ते तिच्यासारख्यांना जमिनीवरून पाहावे लागते. मायेच्या हजारो फोटोंत हा फरक कोठेही उमटलेला नाही.

हाच फरक उन्हाळ्यात गावोगाव दिसतो. ज्या पहाटे आपण पाणवठ्याकडे निघतो, त्याच पहाटे गावातल्या बाया मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपाने तोडायला रानात शिरलेल्या असतात. फुले वेचणारे माणूस खाली वाकलेले असते. पाने झडलेली असली तरी बांबूच्या आड काय आहे ते त्याला दिसत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा गावात जाऊन "यंदा दर्शन छान झाले" असे आपण बोलू नये, इतके तारतम्य कॅमेऱ्याबरोबर असावे. जनावराच्या बाबतीतही तेच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. त्याची चित्रफीत पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. गाड्या अडवणाऱ्यांत दुष्ट कोणी नसेल. प्रत्येकाला फक्त एक चांगला फोटो हवा होता.

आता गाड्यांकडे वळू. आगगाडीचे फोटो ही हौस काहींना पोरकट वाटते. तिच्यात निदान एक सुख आहे : गाडी बहुधा येतेच, वाघाचा तसा भरवसा नाही! बल्लारशाला दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि कोळशाच्या मालगाड्या दिवसभर मिळतात. पण खरी मौज नागभीडच्या मार्गावर. वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामध्ये वैनगंगेचा पूल आहे. हिवाळ्यात नदीवर धुके असताना गाडी त्यातून बाहेर येते, तेव्हा पूल अर्धाच दिसतो. धावती गाडी स्थिर उतरवायची तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके जलद हवे. उलट तिसाव्या भागापर्यंत खाली आणून कॅमेरा गाडीच्या वेगानेच फिरवला, तर डबे स्पष्ट आणि मागचे रान पळते दिसते. हात बसायला बरेच दिवस लागतात. उभे मात्र फलाटावर, फाटकाबाहेर किंवा रस्त्याच्या पुलावर राहावे. रुळांवर शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि वळणावर गाडीचा आवाज उशिरा येतो.

जंगलातून वळण घेत येणारी गाडी हे या छंदातले सर्वांत आवडते दृश्य. त्याच दृश्याची दुसरी बाजू नोव्हेंबर २०१८ मध्ये दिसली. चिचपल्लीच्या जंगलात याच गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. चालकाला दोष देऊन भागत नाही. भरधाव गाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थांबत नसते. दोन्ही बाजूंना रान दाट असले की फोटो सुंदर येतो आणि जनावराला रूळ ओलांडताना काही दिसत नाही. कारण एकच आहे.

हा मार्ग पूर्वी अडीच फूट रुंदीच्या छोट्या लाईनचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने तो टाकला आणि नव्वदीच्या दशकात तो मोठा झाला. नागपूर-नागभीड ही शाखा मात्र २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत छोटीच राहिली. ती बंद होणार असे कळल्यावर कॅमेरे घेऊन जी गर्दी झाली, तिने शेवटच्या दिवसांचे पुष्कळ फोटो काढले. त्याआधीच्या शंभर वर्षांत त्या गाडीने दूध, भाजी आणि शाळकरी पोरे नेली, त्यांचे फोटो शोधू लागलो तर हाताला फार थोडे लागतात. रोजच्या गोष्टीचा फोटो कोण काढतो?

गडचिरोलीत निसर्गचित्राची हौस भागवायला आयुष्य पुरणार नाही. आलापल्लीजवळच्या 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या राखीव वनखंडातील साग इतके उंच आहेत, की ते चौकटीत मावत नाहीत. बुंध्याशी माणूस उभा केल्याखेरीज त्यांची उंची पाहणाऱ्याला कळतच नाही. २०१४ मध्ये या वनाला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. उंचावरून तो अप्रतिम दिसतो, आणि पर्लकोटेच्या पुराने कित्येक पावसाळ्यांत याच गावाचा संपर्क तोडला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्ती जिल्ह्यात आले, तेव्हा त्यांच्या मागेही कॅमेरे धावले. धान तुडवले गेलेल्या बांध्यांकडे मात्र त्या मानाने थोडेच वळले.

गडचिरोली जिल्ह्याला इतकी वर्षे वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते. आता वडसा-गडचिरोली या सुमारे पन्नास किलोमीटरच्या मार्गाचे काम चालू आहे. पहिली गाडी येईल त्या दिवशी फुलांच्या माळा, पुढारी आणि शेकडो मोबाईल असतील. तो फोटो कोणाला चुकणार नाही. आज त्या वाटेवर जी झाडे, बांध्या, पायवाटा आणि एस.टी.चे थांबे आहेत, त्यांचे फोटो दिनांक आणि गावाचे नाव लिहून कोणी आत्ताच काढून ठेवणार असेल, तर आपल्या महाविद्यालयातून सकाळच्या एस.टी.ने निघून संध्याकाळी परत येण्यासारखे हे काम आहे.